आधी जमीन, मग कात्री

२ नोव्हेंबर

रेनो,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस. पत्राचं बरं असतं, ते मधेच तोडता येत नाही. डेट्रॉइटजवळ नदीत टपालाची होडी तुमच्या जहाजाला येऊन चिकटते आणि दोरीला बांधलेल्या बादलीतून पत्रं वर ओढून घेतात, असं तूच आईला सांगितलं होतंस. म्हणजे मी बादलीत बसून तुझ्याकडे येते आहे असं समज. पाण्यात फेकायचं असेल तरी आधी हातात घ्यावं लागेल.

बातमी अशी: या वर्षी मोठ्या पाईनच्या मचाणावर मी बसणार!

मला माहीत आहे, ती जागा आजोबांची, मग बाबांची, आणि मग तुझी. माझा नंबर नव्हताच. पण बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं (आईने कळवलंच असेल) आणि मार्चपर्यंत रायफल खांद्याला लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते एका हाताने बटाटे सोलत बसले होते, बटाटा गळ्यात बांधलेल्या हाताच्या कोपराखाली दाबून, आणि इर्मा आत्या नेहमीसारखी दार न वाजवता आत आली.

"मग पाईनवर कोण बसणार यंदा?"

"ही बसेल," बाबा म्हणाले. बटाट्याकडे बघतच.

"ही? अगं बाई! ही हरणाला आधी प्रश्नपत्रिका देईल."

"देऊ दे. नापास झालं तर घरी पाठवेल."

मी वर खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. तेवीस वर्षांची आहे मी. घरातली पहिली पदवी माझ्या हातात आहे, जानेवारीपासून जंगल खात्यात नोकरी आहे. आणि मी उशीत ओरडले.

फ्रीजर जवळजवळ रिकामा आहे. तळाला दोन पुड्या उरल्यात, एक खिम्याची आणि एक पाठीच्या मांसाची, जी आईने नाताळसाठी लपवून ठेवली आहे आणि जी कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातलं मांस बाबा खातात, पण खाताना त्यांचा चेहरा तुला आठवत असेल. "कुठे वाढलं, कोणी मारलं, कसं मारलं, काही पत्ता नाही," असं म्हणतात आणि मीठ मागतात.

वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी कोंबडीचा तुकडा चघळत मला विचारायची, "हरणाला मारवतं तरी कसं तुला?" मी तिला आपल्या घरचे नियम सांगायचे. ऐंशी पावलांच्या पलीकडे नाही. पळत्यावर नाही. तिरप्या उभ्या हरणावर नाही, सरळ आडवं असेल तरच. लागलं तर सापडेपर्यंत मागे जायचं. मारलं ते खायचं. ती म्हणाली, "तुमच्या घरात कायद्यापेक्षा कडक आहे." मला इतका अभिमान वाटला, रेनो. चार वर्षं प्राण्यांवर आणि जंगलांवर शिकले, पण त्या नियमांहून शहाणं असं काही पुस्तकात सापडलं नाही.

पंधराला हंगाम उघडतो. तुझं जहाज तेव्हा कुठे असेल मला माहीत नाही. पण ये. मचाण मी लगेच सोडेन.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. कोणत्या ते तुला माहीत आहे.

सिग्ने

९ नोव्हेंबर

रेनो,

आज खडीच्या खाणीत जाऊन आजोबांच्या रायफलीचा नेम तपासला. ऐंशी पावलांवर पाच गोळ्या, आणि पाचही माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ! बाबांनी कागद हातात घेऊन उजेडात धरला, भोकांतून सूर्य बघितला आणि म्हणाले, "कागद हलत नाही हं." पण कागद घडी करून खिशात घातला.

मग जंगलातल्या खोपटावर गेलो, साफसफाईला. उंदरांनी या वर्षी गादीत संसार थाटला होता. आत्या झाडूने त्यांना हाकलत त्यांच्याशीच भांडत होती: "भाडं कोण भरणार, तुझा बाप?" बाबांनी एका हाताने चूल पेटवली आणि मला मदत करू दिली नाही. मी सौनाच्या वाफेसाठी लाकडं फोडली, पाणी भरलं, मचाणाच्या सगळ्या फळ्या एकेक करून हलवून बघितल्या. वर बसून पाहिलं. ओढ्याच्या बाजूला बर्चची ओळ आहे ना, तिथे बरोबर ऐंशी पावलं होतात. तू पहिल्यांदा मला वर चढवलं होतंस तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू म्हणाला होतास, "खारुटी, बर्चच्या पलीकडचं सगळं देवाचं. अलीकडचं विचार करून तुझं."

भिंतीवरची शर्टांची शेपटं पुसली. म्हणजे झटकली. नेम चुकला की मागून शर्टाचं टोक कापायचं आणि नाव-साल लिहून भिंतीवर ठोकायचं, हे मी वसतिगृहात सांगितलं तेव्हा मुली हसून लोळल्या होत्या. आजोबांची तीन आहेत, बाबांची दोन, आत्याची चार ("माझे शर्टच मोठे, म्हणून दिसतात"). दारावर आजोबांचं पेन्सिलीतलं वाक्य अजून आहे: आधी जमीन, मग कात्री. नेम चुकला असं कोणीही म्हणो, मोठ्या माणसाने जाऊन जागा बघायची, रक्त नाही, केस नाहीत याची खात्री करायची आणि मगच कात्री काढायची.

आणि तो एक खिळा रिकामा आहे. अजून.

मी लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता लिहिते. पुसताना हात तिथे आला आणि मी तो खिळाही पुसला, तेव्हा आत्या माझ्या मागे उभी होती. ती इतकंच म्हणाली, "शिष्यवृत्ती चांगली मिळाली होती ना गं तुला?" आणि बादली घेऊन बाहेर गेली.

हो, मिळाली होती. 'माझ्या कुटुंबाने मला शिकवलेला धडा', सहाशे शब्द. शाळेच्या सभागृहात बक्षिसाच्या जेवणाला मी तो निबंध वाचला आणि सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. तू तिसऱ्या रांगेत होतास. बाबांचा टाय घालून. निबंधात तुझं नाव नव्हतं. 'माझा भाऊ' होता. मला भाऊ किती आहेत हे गावाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? 'नोव्हेंबरात माझा भाऊ खोटं बोलला की नेम चुकला. सर्वांनी हसून त्याच्या शर्टाचं टोक कापलं. एप्रिलमध्ये बाबांना ओढ्याजवळ ते हरीण सापडलं, कोल्ह्यांनी खाल्लेलं, बरगडीत गोळीचं भोक असलेलं.' त्याच आठवड्यात तू जहाजावर गेलास.

सहा वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले आहे: मी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता.

सहाच दिवस राहिले! लोकरीचे मोजे धुऊन वाळत घातलेत.

सिग्ने

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

रेनो,

घाईत. उद्या! उद्या शाळांना सुट्टी, गाव रिकामं, पेट्रोलपंपावर नारिंगी टोप्यांची रांग. आईने बारा पास्ट्या भाजून दिल्यात, पिठाच्या जाड पारीत कांदा-बटाटा-सलगम भरलेल्या, आणि वेलचीचा पाव. सौना झाली. आत्या वाफेतून बाहेर येऊन बर्फात उभी राहून गात होती, शेजारच्या खोपटातल्या माणसांनी "बाई, हरणं पळून जातील" म्हणून हाक मारली, तर ही म्हणते, "पळू दे, तुमच्याकडेच येतील, दया येऊन."

सात-आठ अंश गोठणबिंदूच्या खाली. वारा पश्चिमेचा, म्हणजे माझा वास ओढ्याकडे जाणार नाही. उद्या संध्याकाळनंतर जोराचा बर्फ सांगितलाय. मी तीनदा काडतुसं मोजली. बाबा म्हणाले, "तीच आहेत, पिल्लं नाही घालत ती."

मला इतका आनंद झालाय की झोप येईल असं वाटत नाही. तू इथे असतास तर डोक्यावर टप्पल मारून झोप म्हणाला असतास.

सि.

१५ नोव्हेंबर, सकाळचे साडेदहा

रेनो,

मी खोपटात टेबलाशी बसले आहे. दोन वाजेपर्यंत हलायचं नाही असा बाबांचा हुकूम आहे. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तुला लिहिते.

सात चाळीसला नर आला. चार टोकांची शिंगं, मान जाड, पाठीवर दव गोठलेलं. बर्चच्या ओळीच्या अलीकडे, सत्तर पावलांवर. थांबला. मी श्वास सोडला, अर्धा ठेवला, घोडा ओढला, आणि त्याच क्षणी त्याने एक पाऊल टाकलं. उडी मारून सीडरच्या झाडीत गेला. शेपटी वर होती की खाली, मला दिसलं नाही. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

मी खाली उतरून तिथे गेले. रक्त नाही. एक थेंबही नाही. आणि मग बर्फाच्या पातळ थरावर केस दिसले, चिमूटभर. जाड, राखाडी, टोकाला पांढरे. रेनो, मी चार वर्षं शिकले आहे. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. पोटाच्या खालच्या अंगाचे केस. गोळी लागली आहे, पण पोटात.

मी ते मुठीत घेतले. तेवढ्यात आत्या आली, बार ऐकून, धापा टाकत.

"कुठाय? कुठाय? रक्त आहे?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

"चुकला!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की कावळे उडाले. "पदवीधर बाईंचा नेम चुकला हो! पाच गोळ्या तळहाताखाली! कागद हलत नाही!" आणि खिशातून कात्री. ती कात्री घेऊनच आली होती, रेनो, सकाळपासून तिच्या खिशात होती. तिने माझं जाकीट वर केलं, शर्ट बाहेर ओढला. लांबून बाबांची हाक आली, "काय झालं?" आणि आत्या ओरडली, "शेपूट!" आणि बाबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. वाटेने सावकाश येत होते, हात गळ्यात बांधलेला, आणि हसत होते.

आणि मी गप्प होते.

किती वेळ, ते मला नीट सांगायचं आहे, कारण तेच सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे. आत्याने शर्टाची घडी घातली, "सरळ उभी राहा" म्हणाली, कात्री उघडली, एवढा वेळ. थंडीने माझे दात वाजत होते. मूठ माझ्या खिशात होती. मला काही बोलायचंच नव्हतं. खोटं बोलावं लागतच नाही, रेनो! खोटं दुसरंच कोणीतरी तुझ्यासाठी बोलतं, हसत हसत, प्रेमाने. तू फक्त गप्प राहायचं, आणि दोन मिनिटांत सगळे कॉफी प्यायला जातात.

तू कधीच म्हणाला नव्हतास ना, 'चुकला'? मी सोळा वर्षांची होते, तिथेच उभी होते, मला आता स्पष्ट ऐकू येतंय. आत्या म्हणाली होती. सहा जण हसत होते. तू एकोणीस वर्षांचा होतास आणि तुझे ओठ निळे पडले होते. तू काही बोललाच नाहीस. 'माझा भाऊ खोटं बोलला,' हे मी लिहिलं. ते खरं नव्हतं. सहाशे शब्दांत नेमका तोच खरा नव्हता.

कात्रीचं गार पातं पाठीला लागलं आणि मी म्हणाले, "थांब आत्या." मूठ उघडून दाखवली.

तिचं हसू एकदम गेलं. बाबा पोचले. त्यांनी केस बघितले, दोन बोटांत चोळले, घड्याळ बघितलं.

"किती वाजता?"

"सात चाळीस."

"दोन वाजेपर्यंत कोणी त्या झाडीकडे जायचं नाही. पोटात लागलेलं आत्ता हुसकावलं तर पार दुसऱ्या तालुक्यात जाऊन मरेल. राहू दिलं तर जवळच बसेल."

"आणि बर्फ?" आत्या म्हणाली. "चारनंतर सांगितलाय. सगळा माग झाकून जाईल."

"मग दोन ते चार," बाबा म्हणाले.

म्हणजे माझ्याकडे दोन तास आहेत. तोवर ते तिथे कुठेतरी बसलं आहे, माझी गोळी पोटात घेऊन. हे मी लिहिते आहे तेव्हाही. इथून उठून पळत जावंसं वाटतं. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेत, माझ्यासाठीच.

आपल्या घरात माग सगळ्यांत चांगला तुला वाचता यायचा. तू असतास तर. पण मला तुझं एक आठवतंय. पोटात लागलेलं हरीण पाण्याकडे जातं. आणि बसताना आलेल्या वाटेकडे तोंड करून बसतं, म्हणून मागून जायचं नाही, बाजूने वळसा घालायचा. हे तूच सांगितलं होतंस ना? मी नऊ वर्षांची होते. बरोबर आठवतंय ना?

अजून तीन तास वीस मिनिटं.

१६ नोव्हेंबर

रेनो!

सापडला! सापडला, सापडला!

पहिल्यापासून सांगते, नाहीतर बाबा म्हणतील शेंडा-बुडखा नाही. दोनच्या ठोक्याला निघालो. आत्या आणि मी पुढे, बाबा मागे टॉयलेट पेपरची गुंडाळी घेऊन. जिथे जिथे थेंब सापडेल तिथे फांदीवर कागदाचा तुकडा लावत, एका हाताने आणि दातांनी. पहिला थेंब केसांपासून साठ पावलांवर सापडला, मोहरीएवढा. दुसरा शेवाळावर. मग काही नाही. आत्या, जी आयुष्यात गप्प बसली नाही, ती गुडघ्यांवर रांगत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मागे वळून पाहिलं की पांढऱ्या कागदांची वाकडी रांग दिसायची, आणि ती सरळ ओढ्याकडे चालली होती.

ओढ्यापाशी माग संपला. साडेतीन. वरून पहिले बर्फाचे कण पडायला लागले होते.

"पार गेलं असेल," आत्या म्हणाली.

"किंवा काठाने," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. पाईन तुझं आहे."

मी डोळे मिटले आणि पदवी बाजूला ठेवून फक्त तुझा आवाज आठवला. मी पाणी ओलांडलं (बुटात पाणी गेलं, अजून सुकले नाहीत), आणि वाटेवरून न जाता बाजूने मोठा वळसा घेतला, वाऱ्याच्या विरुद्ध. पडलेल्या सीडरच्या आड दोन कान दिसले. तो बसला होता. आलेल्या वाटेकडे तोंड करून. आत्या आणि बाबा जिथे उभे होते तिकडे बघत. जिवंत होता.

चाळीस पावलं. एकच बार टाकला.

टोप्या काढून आम्ही तिघं उभे राहिलो. आजोबा म्हणायचे तसं, शंभरपर्यंत मोजून. बर्फ त्याच्या पाठीवर पडत होता आणि वितळत नव्हता. मी रडले. आत्या म्हणाली, "रडून घे, पण चाकू धरायच्या आधी नाक पूस."

आतलं खूप खराब झालं होतं, खोटं सांगत नाही. काळीज, म्हणजे यकृत, टाकावं लागलं, पोटाकडचं बरंच कापून काढलं, ओढ्याच्या पाण्याने तीनदा धुतलं. पण पाठ, चारही पाय, मान, हृदय, सगळं चांगलं आहे. मागचा एक पाय म्हाताऱ्या लेहतोबाईंना जाईल, दरवर्षीप्रमाणे. फ्रीजर भरेल, रेनो! रात्री बाबांनी कांद्यात हृदय परतलं, लोणी टाकून, आणि आम्ही तव्यातूनच खाल्लं.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. कालच्या पत्रात मी लिहिलं की त्याने पाऊल टाकलं. टाकलं नव्हतं. तो तिरपा उभा होता. थोडासाच, पण तिरपा. मला दिसत होतं. वसतिगृहात ज्या मुलीला मी नियम म्हणून दाखवले, तिच्यापुढे मी शपथेवर सांगितलं असतं की मी कधीच असा बार टाकणार नाही. मला फार हवा होता तो, बस. जेवताना मी हे सांगितलं. बाबांनी पाव तोडला, तव्यातलं लोणी पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी थांबशील."

एवढंच.

मग ते उठले आणि फळीवरून काडतुसांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यातून एक कापडाचा तुकडा टेबलावर ठेवला. निळ्या-काळ्या चौकटीचा. तुझं नाव आणि साल, आत्याच्या अक्षरात.

"टाकून नाही दिलात?" मी विचारलं.

"टाकायचा कशाला?"

"मग काढलात का भिंतीवरून?"

बाबांनी तवा बाजूला सारला. "खोटा होता म्हणून. पण ते खोटं त्याचं नव्हतं." मग दाराकडे मान हलवली, आजोबांच्या पेन्सिलीकडे. "जमीन बघायचं काम मोठ्या माणसाचं. त्या दिवशी मोठा मी होतो. चारशे पावलं चालायचं होतं. कॉफी नुकतीच ओतली होती, ती गार होईल म्हणून उठलो नाही. पोरगं थंडीने काकडलेलं, सगळे हसतायत, त्याने काय बोलायचं? एप्रिलमध्ये ते हरीण बघितलं तेव्हा मला माझी कॉफी आठवली."

"हे रेनोला सांगितलंत?"

"त्याने विचारलं नाही."

आत्याने चमचा टेबलावर आपटला. "सहा वर्षं! त्याला वाटतंय बापाने लाजेने तुकडा उतरवला, आणि बाप इथे कॉफीवर रडतोय! आमच्या घरातल्या पुरुषांना एका पोत्यात घालून हलवलं पाहिजे." मग तिचाच आवाज बसला. "आणि कात्री माझ्या हातात होती," ती म्हणाली. "मला कोणी पोत्यात घालायचं?"

मी म्हणाले, "निबंध मी लिहिला." आत्याने तिघांना कॉफी ओतली. चुलीत लाकूड फुटत होतं, बाहेर बर्फ पडत होता.

मला माफ कर. हे वाक्य मी सहा वर्षं लिहू शकले नाही, कारण मला वाटायचं की खरं बोलल्याबद्दल माफी कशी मागायची. पण मी खरं बोललेच नव्हते. आणि बोलले असते, तरी तू तिसऱ्या रांगेत बसलेला असताना नाही.

हंगाम तीसपर्यंत आहे. बाबा पत्र लिहीत नाहीत, तुला माहीत आहे. त्यांना विचारलं, काही निरोप? म्हणाले, "काळीज गेलं म्हणावं. तसंही त्याला आवडायचं नाही."

सिग्ने

२८ नोव्हेंबर

रेनो,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही.

काल तुझं कार्ड आलं. आईने ते दारातच वाचलं, मग बाबांनी वाचलं, मग आत्याने वाचलं, आणि जिच्या नावाने आलं होतं तिला सर्वांत शेवटी मिळालं. तीन ओळी. 'खारुटी, कुठे पडला होता तो? ओढ्याच्या कोणत्या काठाला? २९ला सकाळी सहाला मार्क्वेटच्या धक्क्यावर खनिज भरायला लागतोय, आठ तास.' मी ते इतक्यांदा वाचलं की कडा मऊ झाल्यात. बाबांनी आठ तासांचा हिशोब मांडला: धक्क्यापासून खोपटापर्यंत पन्नास मिनिटं, परत पन्नास, म्हणजे खोपटात चांगले सहा तास. "बर्फ असला तरी साडेपाच," म्हणाले, आणि लगेच ट्रकला साखळ्या लावायला गेले, एका हाताने, मला मदत करू न देता.

आणखी एक सांगायचं आहे, धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगताना मी अडखळेन म्हणून इथे लिहून ठेवते. बावीस तारखेला शाळेच्या सभागृहात हंगामाचं जेवण होतं. तेच सभागृह, त्याच खुर्च्या. आमच्या हरणाच्या मानेचं सूप मीच नेलं होतं. सूप वाढून झाल्यावर मी उभी राहिले. कोणी बोलावलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, तिरपं हरीण, मुठीतले केस, पाठीला लागलेली कात्री. आणि म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी मी इथे एक निबंध वाचला होता. त्यात मी म्हटलं की माझा भाऊ खोटं बोलला. ते चूक होतं. तो गप्प राहिला, आणि परवा मीही राहिले. फरक एवढाच की मला त्याने माग काढायला शिकवलेलं होतं आणि त्याच्याबरोबर त्या दिवशी कोणी गेलं नाही." कोणाच्या तरी बाळाला उचकी लागली. मग आत्या म्हणाली, "बस आता खाली, सूप गार होतंय." आणि बाबा उठले. कोणाला काही न म्हणता नुसते उठून माझ्या शेजारी उभे राहिले, हात गळ्यात बांधलेला, आणि मी बसेपर्यंत बसले नाहीत. यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत. लेहतोबाईंनी दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं.

पहाट होते आहे असं समज, कारण तू हे वाचशील तेव्हा तशी असेल. ट्रकमध्ये तुझं नारिंगी जाकीट आहे (आईने धुतलं, थोडं आटलंय, किंवा तू वाढला असशील). पास्ट्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. थर्मासात कॉफी, जी बाबा म्हणतात कोणी गार होईपर्यंत प्यायची नाही, आणि असं म्हणून स्वतःच हसले, का ते तुला आता ठाऊक आहे. तुझा तुकडा माझ्या खिशात आहे. भिंतीवर लावायचा, चुलीत घालायचा की जहाजावर न्यायचा, ते तूच ठरव. खिळा तसाच ठेवलाय.

खोपटात पोचल्यावर कोणी आत जाणार नाही. आत्याचंसुद्धा ठरलंय. आधी ओढ्यावर जायचं, चौघांनी. माझं हरीण जिथे बसलं होतं तिथे, आणि मग तुझं जिथे सापडलं तिथे. मी मोजलं, मधे तीनशे दहा पावलं आहेत. बाबा म्हणतात यावेळी ते पुढे चालणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी धक्क्यावर, शिडीवरून तू उतरतानाच ओरडून देणार आहे, तुझ्या सगळ्या खलाशांसमोर, म्हणून तयार राहा: पलीकडच्या काठाला! पडलेल्या सीडरच्या आड, आलेल्या वाटेकडे तोंड करून! तू सांगितलं होतंस तसंच!

खारुटी